किनाऱ्यावरची पाखरं आणि आपली फजिती: अनुभव येऊ द्यात

पौर्णिमेला आम्ही पाच जण आक्षीला गेलो होतो. अलिबागला पोहे, मग चहा, मग परत चहा. किनारा गाठला साडेअकराला, तर पाणी पार सुरूंच्या बुंध्यापर्यंत. पक्षी शून्य. गळ्यात महागड्या दुर्बिणी अडकवून नारळपाणी पीत बसलो. शेजारी जाळं दुरुस्त करणारे काका म्हणाले, "तिथी बघून यायचं ना! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ." पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पौर्णिमेचं उधाण!

थांबलो. साडेतीननंतर ओली वाळू उघडी पडली आणि चिखले, तुतवार असे छोटे पाणपक्षी आले. ऑयस्टरकॅचरची जोडीही आली, चोच अगदी गाजरासारखी. ती शिंपल्याच्या फटीत घालून उघडताना पाहिली आणि उन्हात बसल्याचं सार्थक झालं.

तुमचेही असे दिवस लिहा. यादी नको, किस्से हवेत.

*

आमचं हर्णै, डिसेंबर. मी नवखी. पुस्तकात बघून 'तपकिरी डोक्याचा कुरव' (म्हणजे एक सीगल) शोधायचा चंग बांधला. बंदरात मासळीचा लिलाव चाललेला, होड्यांभोवती कुरवच कुरव, पण सगळे पांढऱ्या डोक्याचे. तासाभराने मैत्रिणीला दया आली. "अगं, हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं त्याचं. डोळ्यामागे काळसर ठिपका बघ. रंग चढतो परतीच्या सुमारास, मार्चमध्ये." समोर पन्नासेक तरी उभे होते.

*

कबुली देतो. गोव्यात मोरजीला उडतानाचा फोटो हवा म्हणून मित्राला थव्यात पळवलं होतं. सँडरलिंग होते, लाटेमागे तुरुतुरु धावणारे. फोटो हलला तो हललाच, आणि थवा जो गेला तो चापोरा नदीच्या मुखाकडे. आर्क्टिकहून येऊन दोन घास खाणाऱ्यांना उठवलं, याची अजून लाज वाटते.

*

तिथीचं गणित आमच्या आजीचंही हेच! पण अष्टमीला जाऊ नका. भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन बाराच्या उन्हात.

दापोलीच्या मुरुडहून कर्द्याकडे चालत होतो, आई पुढे. तिच्या पायाशी धप्पकन काहीतरी पडलं. अर्धा साप, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. वर दोन समुद्री गरुड भांडत होते. आई वर बघून ओरडली, "अरे, खायचं तर नीट खा की!"