मदत हवी आहे : तीन आठवड्यांपासून वजन हलतच नाहीये

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, वय ४१. जानेवारीपासून ८४ वरून ७७ किलोवर आले. रोज सकाळी अंबाझरीला पाऊण तास चालते, रात्री एक ज्वारीची भाकरी नि भाजी. पण गेले तीन आठवडे काटा ७७ लाच अडकलाय.

त्यात रविवारी माहेरी सावजी जेवण झालं आणि सोमवारी सकाळी ७८.५! एका रात्रीत दीड किलो चरबी चढायला अकरा-बारा हजार कॅलरी जास्तीच्या लागतील, हे कळतं मला. मिठानं अंगात पाणी धरतं, पाळीच्या आधीही तसंच होतं. तरी तो आकडा पाहून रडू आलं. सलवारची नाडी मात्र आता चार बोटं जास्त ओढावी लागते.

रोज वजन करून आठवड्याची सरासरी बघावी की एकदाच काट्यावर उभं राहावं? वजन उतरलं की शरीराला कॅलरीही कमी लागतात, मग जेवण अजून कमी करू की चालणं वाढवू? थायरॉइड तपासून घेऊ का? ज्यांचं असं अडकून पुन्हा सुरू झालं, त्यांनी किती दिवस लागले ते नक्की सांगा. उपाशी राहायला सांगू नका, बीपीची गोळी सुरू आहे.