शब्दचर्चा: पॅलिंड्रोम, विलोमपद की उलटसुलट? आणि ‘नवीन’ला नापास करणारा प्रोग्राम

वेलांटी:
पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी एक सराव मराठीत लिहायचा आहे. दिलेला शब्द किंवा वाक्य शेवटाकडून वाचलं तरी तेच राहतं का, एवढंच सांगायचं. दोन अडचणी आहेत.

१) अशा शब्दाला किंवा वाक्याला, म्हणजे पॅलिंड्रोमला, मराठीत काय म्हणावं? ‘विलोमपद’ हा शब्द दिसतो, पण त्यातून अर्थ नीट पोचतो का?

२) नवशिक्यांचा नेहमीचा प्रोग्राम मजकूर उलटा करतो आणि मूळ मजकुराशी ताडतो. तो ‘नवीन’ला ‘नाही’ म्हणतो. स्वल्पविराम, मोकळ्या जागा वगैरे गाळण्यासाठी ‘इझअल्नम’ची (चिन्ह अक्षर किंवा अंक आहे का हे सांगणाऱ्या पायथनमधल्या तयार सोयीची) चाळणी लावली की ‘नवीन’ पास होतो, पण ‘मामी’ आणि ‘सासू’ही पास होतात!

पोटफोड्या:
आधी शब्द. ‘विलोम’ म्हणजे उलट्या क्रमाचा, अनुलोम-विलोममधला तोच. उलटल्यावर तेच उरतं, हा अर्थ त्यात नाही. पुरावा घरचाच आहे. गोदावरीकाठच्या पार्थपूरचा, म्हणजे आजच्या पाथरीचा, १६ व्या शतकातला दैवज्ञ सूर्यकवी. त्याचं रामकृष्णविलोमकाव्य सरळ वाचलं तर रामाचं, उलट वाचलं तर कृष्णाचं. पहिला चरण:

तं भूसुतामुक्तिमुदारहासं

शेवटाकडून वाचा:

संहारदामुक्तिमुतासुभूतं

चरण दुसराच झाला. म्हणजे हे विलोम आहे, पण पॅलिंड्रोम नाही. शिवाय हिंदीत ‘विलोम शब्द’ म्हणजे विरुद्धार्थी शब्द. दोन्ही भाषा वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होणार.

संस्कृत चित्रकाव्यात, म्हणजे अक्षरांच्या करामतीच्या काव्यात, जवळचा शब्द आहे ‘गतप्रत्यागत’, गेलेलं आणि परत आलेलं. ग्रीक ‘पालिन’ म्हणजे पुन्हा, मागे आणि ‘द्रोमोस’ म्हणजे धाव. दोन्हीकडे कल्पना एकच आहे. पण शाळकरी मुलासमोर ‘गतप्रत्यागत’ ठेवला तर पुढचा प्रोग्राम राहील बाजूला.

रफार:
‘उलटसुलट’ काय वाईट आहे? ‘हे वाक्य उलटसुलट सारखं आहे’ असं आपण बोलतोच. नाम हवं असेल तर ‘पॅलिंड्रोम’ तसाच ठेवा. स्क्रीनवरचा संदेश मात्र ‘उलटसुलट सारखे’ असू द्या.

आता प्रोग्राम. खरी अडचण ‘अक्षर’ या शब्दाची आहे, कारण तो आपण तीन गोष्टींसाठी वापरतो:

चिन्ह: संगणक साठवतो ते. ‘नवीन’मध्ये चार: न, व, वेलांटी, न.
अक्षर: न, वी, न. तीन.
वर्ण: न्, अ, व्, ई, न्. उच्चारातले तुकडे.

साधा उलटा करणारा कोड चिन्हं उलटवतो. वेलांटी ‘व’च्या आधी येऊन मागच्या ‘न’ला चिकटते आणि ‘नवीन’चं ‘नीवन’ होतं. ‘जहाज’चं ‘जाहज’, ‘मध्यम’चं ‘मय्धम’. ‘रामाला भाला मारा’ उलटवलं तर पहिलाच काना अनाथ होतो आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा राहतो. व्यंजनाने सुरू होणारं आणि काना-मात्रेवर संपणारं कोणतंही वाक्य या पद्धतीत कधीच पास होणार नाही, कारण मजकूर मात्रेने सुरूच होत नाही.

उलट बाजूही पाहा. ‘पाप’, ‘लाल’, ‘नान’ हे चिन्हांच्या हिशेबात पास होतात: प, काना, प. अक्षरांच्या हिशेबात ‘पा’ आणि ‘प’ वेगळे.

दंड:
मामी-सासूचं कारण वेगळं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या प्रमाण यादीत, क, ख, अ, आ ही ‘अक्षर’ वर्गात येतात. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त (पाय मोडण्याची खूण) ही सगळी ‘जोडचिन्ह’ वर्गात. ‘इझअल्नम’ जोडचिन्हांना अक्षर मानत नाही, म्हणून विरामचिन्हांबरोबर त्यांनाही हाकलून देते. ‘मामी’चं उरतं ‘मम’, ‘सासू’चं ‘सस’. पायथनच्या मूळ रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) शब्दातलं चिन्ह ओळखणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यूचीही तीच गत. हा दोष जास्त घातक आहे, कारण ‘चिमा काय कामाची’सारखं नेहमीचं उदाहरण त्यातून पास होतं आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

चाळणी स्वतः लिहा: चिन्हाचा युनिकोड वर्ग ‘एल’ (अक्षर), ‘एम’ (जोडचिन्ह) किंवा ‘एन’ने (अंक) सुरू होत असेल तर ठेवा. हा वर्ग पायथनबरोबर येणारं ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूल सांगतं.

रफार:
बरोबर. आता अक्षरं पाडायची कृती, क्रमाने:

एक रिकामी यादी घ्या. मजकुरातलं एकेक चिन्ह उचला. ते जोडचिन्ह असेल तर यादीतल्या शेवटच्या अक्षराला चिकटवा. ते व्यंजन असेल आणि शेवटचं अक्षर हलन्तावर संपत असेल, तरीही चिकटवा. त्यामुळे ‘ध्य’, ‘क्ति’, ‘ळ्या’ एकसंध राहतात, आणि क्ष, ज्ञ यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बाकी प्रत्येक वेळी नवं अक्षर सुरू. यादी रिकामी असताना पहिलंच चिन्ह जोडचिन्ह आलं तर प्रोग्राम कोसळतो. ती एक अट आधी तपासा.

मोकळ्या जागा कधी काढायच्या, हे महत्त्वाचं. आधी काढल्या तर ‘अर्थात् मग’मधला त् पुढच्या म-ला चिकटून ‘त्म’ होईल. म्हणून शब्दागणिक अक्षरं पाडा आणि मग याद्या जोडा.

नंतर यादी उलटी करून ताडली तरी चालेल. दोन्ही टोकांकडून आत येत ताडलं तर सात अक्षरांना तीनच तुलना पुरतात आणि पहिल्या विसंगतीला थांबता येतं. शिकणाऱ्याला ही दुसरी रीत दाखवा, कारण ‘नाही’ म्हणताना *कुठली* जोडी जुळली नाही तेही त्यातून सांगता येतं.

आणि ‘जर सारखे तर खरे परत कर, नाहीतर खोटे परत कर’ या चार ओळी नकोत. तुलना स्वतःच खरं-खोटं देते, तीच परत करा. छापण्याचं काम फंक्शनच्या बाहेर. नुसतं ‘!!!’ दिलं तर गाळून काहीच उरत नाही आणि रिकामी यादी ‘होय’ म्हणते. तिला आधीच अडवा.

वेलांटी:
हे करून पाहिलं. ‘ती होडी जाडी होती’, ‘टेप आणा आपटे’, ‘काका, वाचवा, काका’ पास. ‘मामी’ नापास. पण आता ‘चिमा काय कामाची’ आणि ‘तो कवी डालडा विकतो’ दोन्ही नापास! लहानपणापासून हीच उदाहरणं ऐकतोय.

पोटफोड्या:
प्रोग्राम बरोबर आहे, उदाहरणं कानाची आहेत. ‘चि’ आणि ‘ची’ ताडा, ‘वी’ आणि ‘वि’ ताडा. मराठीत शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ, आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार-उकार ह्रस्व. म्हणून ‘चिमा’ ह्रस्व, ‘कामाची’ दीर्घ. ‘भाऊ तळ्यात उभा’चंही तेच: एकीकडे ऊ, दुसरीकडे उ. ते जुळवायला काही जण ‘ऊभा’ लिहितात, आणि शुद्धलेखनाचा बळी जातो.

गंमत ‘कवी’ची. १९६२ च्या नियमांआधीसारखं ‘कवि’ लिहिलं तर ‘तो कवि डालडा विकतो’ काटेकोरपणे जुळतं. चिमाला मात्र ती पळवाट नाही. ‘ची’ हा प्रत्यय दीर्घच.

तेव्हा दोन कसोट्या ठेवा. काटेकोर: जसं लिहिलंय तसं. सैल: ताडण्याआधी ह्रस्व वेलांटी-उकार दीर्घ करून घ्यायचे, इ-उ चे ई-ऊ. निकालात कसोटीचं नाव छापा.

दंड:
सैल कसोटीत अनुस्वारही घ्या. वर दिलेल्या विलोमकाव्यात पुढे ‘वन्दे’ येतं आणि उलट वाचताना त्याचा ‘देवं’ होतो. ‘वन्दे’ असं लिहिलं तर अक्षरं व, न्दे. उलटून ‘न्देव’ मिळेल. ‘वंदे’ लिहिलं तर वं, दे आणि उलटून ‘देवं’. म्हणून त-थ-द-धच्या आधीचा न्, प-फ-ब-भच्या आधीचा म्, असे प्रत्येक वर्गाच्या पहिल्या चार व्यंजनांआधीचे परसवर्ण अनुस्वारात बदला. पाचवं व्यंजन यातून वगळायचं, नाहीतर ‘अन्न’चा ‘अंन’ होईल.

चित्रकाव्याची परंपरा तर अनुस्वार-विसर्गाच्या फरकाने चित्र बिघडलं असं मानतच नाही. पण सरावाच्या प्रोग्रामात इतकी सूट देऊ नका.

रफार:
एक खास मराठी खड्डा राहिला: ‘दऱ्या’. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह देतात, काही र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडक (शेजारची चिन्हं जोडून दाखवायला सांगणारं चिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. चाळणीत ते जोडक गळून गेलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून गाळण्याआधी र-हलन्त-जोडक या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त ठेवा. र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा लिहिलेला ऱ युनिकोडच्या ‘एनएफसी’ या एकसारख्या केलेल्या रूपात आपोआप एक होतो. जोडकवाला होत नाही. ॲ आणि अ-वर-चंद्र असा लिहिलेला अॅ यांनाही एनएफसी जुळवत नाही, तेही हाताने करा.

तयार लायब्ररी वापरणार असाल तर एक सावधगिरी. ‘ग्रॅफीम क्लस्टर’ (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा चिन्हांचा गट) पाडणारी साधनं देवनागरी जोडाक्षर अखंड धरतील असं नाही. तो नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. जुन्या आवृत्तीवर बसलेलं साधन ‘मध्यम’चे म, ध्, य, म असे तुकडे करून ‘नाही’ म्हणेल. आधी ‘मध्यम’ घालून पाहा. किंवा भारवीच्या किरातार्जुनीयाच्या १५ व्या सर्गातला हा चरण घाला: वाहिकास्वस्वकाहि वा. ‘स्व’ फुटला की लगेच कळतं.

वेलांटी:
आणि ‘पाप’? कानाला तर ते दोन्हीकडून सारखंच लागतं.

पोटफोड्या:
वर्णांच्या हिशेबात सारखंच आहे: प्, आ, प्. पण लिहिताना शेवटच्या ‘प’मध्ये अ आहे आणि बोलताना तो आपण गाळतो. वर्णांची कसोटी हवी तर कुठला अ उच्चारात राहतो हे प्रोग्रामला शिकवावं लागेल. ‘कनक’मध्ये पहिला राहतो, दुसरा राहतो, शेवटचा जातो. नवशिक्याच्या सरावात ते बसत नाही. ‘पाप’ला ‘अक्षरशः नाही’ असा संदेश द्या आणि पुढे चला.