रात्रपाळीतल्या स्त्रियांचा झोपेतला रक्तदाब

प्रश्न: रात्रपाळीतल्या स्त्रियांचा २४ तास रक्तदाब मोजतोय. रात्री १० ते ६ ही 'रात्र' धरली, तर झोपेत अपेक्षित असलेली रक्तदाबातली घट दिसतच नाही. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १: घड्याळाची नाही, झोपेची रात्र धरा. मनगटावर ॲक्टिग्राफ (हालचालींवरून झोप-जाग टिपणारं यंत्र), शिवाय झोपेची नोंदवही. झोपेत सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरतो. जागेपणी किमान २० आणि झोपेत ७ वैध नोंदी हव्यात. कफ (यंत्राचा फुगणारा पट्टा) दंडाच्या घेराप्रमाणे घ्या. लहान कफ आकडा फुगवतो.

प्रतिसाद २: एवढ्यावरून शरीराचं घड्याळ कळणार नाही. त्यासाठी मंद उजेडात, १० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं एकक) खाली, दर ३० मिनिटांनी लाळेतलं मेलाटोनिन (रात्री वाढणारं, झोपेशी निगडित संप्रेरक) मोजा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाबावरची औषधं) मेलाटोनिन दाबतात, हे विसरू नका.

प्रतिसाद ३: पाळीचा दिवस लिहिलाय का? (रात्रपाळी नव्हे, मासिक!) बीजोत्सर्गानंतर शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस चढतं. तापमानावरून शरीराच्या घड्याळाची लय काढणार असाल तर फसाल.