कामगार वाचले ते युनियनमुळे की ब्रँड घाबरल्यामुळे?

सूतगुंता
२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारमध्ये राणा प्लाझा कोसळली. ११३४ जण गेले. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. शिलाई कारखान्यांतल्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापायची धमकी देऊन आत घेतलं. इमारत एकच, तडे तेच. तिथल्या पाचही कारखान्यांत युनियन नव्हती, म्हणजे "आम्ही वर जाणार नाही" असं सगळ्यांच्या वतीने म्हणणारं कोणी नव्हतं.

नंतर काही आठवड्यांतच इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांनी इमारत आणि आगीच्या सुरक्षेच्या 'अकॉर्ड' करारावर तिथून कपडे घेणाऱ्या परदेशी ब्रँडांच्या सह्या घेतल्या. कायद्याने बंधनकारक, मोडला तर लवाद. पुढे दोनशेच्या वर ब्रँड त्यात आले, सुमारे १६०० कारखाने तपासले गेले. कुलपं घालायची कोलॅप्सिबल गेटं जाऊन आगीला टिकणारी दारं आली.

ऑडिट काय, आधीही व्हायचंच. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांत, सप्टेंबर २०१२ मध्ये, तिथे अडीचशेवर लोक जळाले. माझ्या मते फरक पडला तो युनियनच्या सहीने.

रोखठोक
असहमत. ब्रँड घाबरले ते युरोपातल्या गिऱ्हाइकाला. टीव्हीवर ढिगारा दिसला नसता तर कोणी पेन उचललं नसतं. आणि दुरुस्तीचं बिल बहुतेक भरलं कोणी? कारखानदाराने. ज्याला झेपलं नाही त्याच्या ऑर्डरी बंद. तिथल्या बायकांच्या रोजगाराचं काय, ते महासंघाला विचारा. युनियनच्या आरत्या ओवाळण्याआधी आपला ८२ चा गिरणी संप आठवा.

सूतगुंता
८२ चा संप पगाराचा आणि मान्यतेचा होता, इथे कशाला ओढताय? मुंबईचंच उदाहरण हवं तर १८९० चं घ्या: नारायण मेघाजी लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशन या गिरणी कामगार संघटनेच्या रेट्याने गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. तीही आरोग्याचीच मागणी होती.

गिऱ्हाइकाची भीती मान्य. पण ती किती दिवस टिकते? करार टिकला, म्हणून महासंघांना ब्रँडला हेगच्या लवादापुढे उभं करता आलं आणि जानेवारी २०१८ मध्ये एका ब्रँडने तडजोडीत २३ लाख डॉलर मोजले. वॉलमार्ट आणि गॅपने आपली वेगळी 'अलायन्स' काढली, तिच्यात युनियनची सही नव्हती. तिच्यातल्या कोणाला असं लवादापुढे कोणी खेचलं?

प्रेसशॉप
चाकणला पॉवर प्रेसवर, म्हणजे साच्यात पत्रा दाबणाऱ्या यंत्रावर आहे, म्हणून लिहितो. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो आणि बोट डायमध्ये, म्हणजे साच्यात, सापडत नाही. टार्गेट चढलं की ठेकेदाराची पोरं एका बटणात काडी ठोकतात आणि एका हाताने माल भरतात. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. आमच्याकडे युनियन आहे हो, पण ती परमनंटांची. बोनसला गेट मीटिंग होते. कंत्राटी पोराचं बोट गेलं की ठेकेदार त्याला रिक्षात घालून नेतो, संपला विषय. काडीबद्दल युनियनने मॅनेजमेंटला एक पत्र दिलेलं मी पाहिलं नाही.

रोखठोक
मी वेगळं काय म्हणतोय? इन्स्पेक्टर पाठवा, दंड ठोका. झेंडा कशाला?

डोंबिवलीकर
इन्स्पेक्टर? आमच्या एमआयडीसीत मे २०१६ मध्ये स्फोट झाला, मे २०२४ मध्ये परत झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, दोन्ही वेळा आमच्या काचा फुटल्या. त्यात नव्या कामगार कायद्याने, म्हणजे लेबर कोडने, इन्स्पेक्टरला 'फॅसिलिटेटर'ही करून ठेवलंय. आता तो दंड करणार की चहा घेऊन सल्ला देणार?

सूतगुंता
@प्रेसशॉप, मुद्दा बिनतोड आहे. पण अकॉर्डमध्ये धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क लिहून घेतला होता, तोही कारखान्यातल्या प्रत्येकासाठी. २०२० पासून त्या कामाचा कारभार ज्या मंडळाकडे गेला त्यात कारखानदारही आहेत. ते मला खटकतं, तरी युनियनची खुर्ची तिथे शाबूत आहे.

प्रेसशॉप
कागदावर ठीक. आमच्या शेडमध्ये ठेकेदाराच्या पोराने नकार दिला तर उद्या त्याचा गेटपास बंद. आधी त्याची सभासदाची पावती फाडा, मग हक्काचं बोलू.