मदत हवी आहे : सह्या आहेत, मजकूर नाही, अशा इतिवृत्ताचं काय करू?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत माझी सचिव म्हणून निवड झाली. कार्यकारिणी ९ जणांची. दप्तर ताब्यात घेतलं आणि रात्री इतिवृत्ताची वही उघडली, तर शेवटच्या ३ सभांच्या पानांवर वर तारीख, खाली हजर सदस्यांच्या सह्या आणि मधे काहीच नाही! अध्यक्ष म्हणाले, "ठराव मी सांगतो, तुम्ही लिहून काढा." संस्था त्यांनीच उभी केली आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या सभांना मी नव्हते त्यांचं इतिवृत्त मी कसं लिहू?

पैशांचंही तसंच. पावतीपुस्तक आणि पासबुक अध्यक्षांकडे असतं. चेकवर दोघांच्या सह्या लागतात म्हणून खजिनदारांनी अख्ख्या चेकबुकावर आधीच सह्या करून ठेवल्यात. मग दोन सह्यांची अट कशासाठी?

संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) कामांबद्दल एकच ओळ आहे, 'पदाधिकारी कारभार पाहतील.' कोणी काय करायचं हे आता ठरवता येईल का? आणि अध्यक्षांचं मन न दुखावता विषय कसा काढू?

प्रतिसाद :
ताई, मी बरीच वर्षं खजिनदार होतो. त्या सह्यांच्या वर एक अक्षरही लिहू नका. उद्या वाद झाला तर हस्ताक्षर तुमचं असेल. त्या सभांना हजर असलेल्यांना आठवेल तेवढं टिपण करायला सांगा, खर्चाच्या पावत्यांशी ताडून पाहा. 'मागाहून तयार केलेले' असं त्यावर स्पष्ट लिहून पुढच्या सभेत मंजूर करून घ्या, तारीखही त्या मंजुरीच्या दिवसाचीच घाला. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा आणि तशी नोंद करा.

सह्या केलेले चेक रद्द करायला लावा, हे आधी. पासबुक, पावतीपुस्तक आणि रोकडवही खजिनदारांकडेच हवी. दर महिन्याला बँकेचा उतारा रोकडवहीशी जुळवून तो कार्यकारिणीपुढे ठेवणं हे त्यांचं खरं काम. कामवाटप ठरावाने करता येतं, फक्त ते घटनेशी विसंगत नको.

अध्यक्षांशी सभेआधी एकट्याने बोला. 'उद्या कोणी तुमच्याकडे बोट दाखवू नये म्हणून' असं सांगा. ते खरंही आहे.

धागाकर्ती :
मनापासून आभार. उद्याच भेटते त्यांना. त्यांनी विषय घेऊ नका म्हटलं तर? विषयपत्रिका ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

प्रतिसाद :
सहसा सचिव अध्यक्षांशी बोलून ती तयार करतात. तुमच्या घटनेत किती सदस्यांनी लेखी मागणी केली की सभा बोलवावीच लागते, ते कलम शोधून ठेवा. पण आधी भेटून या.