क्युझीनला मराठीत काय म्हणायचं?

रिकामटेकडा:
एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात म्हटलंय की रांधणं जगात सगळीकडे असतं पण क्युझीन सगळीकडे असतंच असं नाही. मी बिनधास्त 'खाद्यसंस्कृती' लिहून मोकळा झालो आणि पुढच्याच परिच्छेदात फूड कल्चर आलं, आता तिथे काय टाकू? पाककला नको, ती एकट्या माणसाच्या हातात असते. पदार्थ, ते करायच्या रीती, वाढायचा क्रम, चांगलं-वाईट ठरवायचे निकष, असं सगळं मिळून पाहिजे.

पळीपंचपात्र:
पाकपरंपरा. झालं काम.

तिरपागडा:
कसलं झालं? १९७० च्या दशकात फ्रान्समधे नुव्हेल क्युझीन आलं ते मुळात परंपरेशी भांडूनच, जड सॉस नकोत, भाज्या फार शिजवू नका वगैरे. त्याला 'नवी पाकपरंपरा' म्हणणार का? पाकशैली म्हणा.

कढीपत्ता:
शैली फारच हलका शब्द आहे. आणि मला ते 'खाद्य'च खटकतं, पशुखाद्य आठवतं. मी आहारसंस्कृती वापरते.

तिरपागडा:
आहार म्हटलं की मला डॉक्टर दिसतो :)

कढीपत्ता:
दिसू दे. २०१० मधे युनेस्कोच्या वारसायादीत मेक्सिकोचं क्युझीन आलं, त्याच वर्षी भूमध्य समुद्राकाठचं 'डाएट' पण आलं. त्यात शेती, मासेमारी, एकत्र बसून जेवणं सगळं धरलंय, वजनकाट्याचा काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच जगण्याची रीत असा आहे.

साधा माणूस:
क्युझीनच ठेवा की राव. मल्टिक्युझीनची पाटी वाचून कोणी अडलंय का आजवर? उगाच संस्कृत जोडशब्द पाडत बसायचं.

पळीपंचपात्र:
आळशीपणाला व्यवहार म्हणायची फॅशनच झालीये. फ्रेंचमधे क्युझीन म्हणजे आधी साधं स्वयंपाकघर, इटालियन कुचिनाचंही तेच. मग आपला मुदपाक काय वाईट, तोही स्वयंपाकघरच ना? मुद म्हणजे आनंद, आनंद देणारा पाक. शंभर टक्के आपला शब्द.

जुनी बखर:
अहो कसला शंभर टक्के! अरबी मतबख, तो फारसीतून इकडे आला, त्याचा मुदबख झाला आणि मग कोणाला तरी त्यात पाक दिसला. गंमत म्हणजे त्याच मतबखचं तुर्कीत मुत्फाक झालंय आणि ते लोक स्वयंपाकघरालाही मुत्फाक म्हणतात आणि क्युझीनलाही. म्हणजे शब्द तुमचा चालेल, व्युत्पत्ती नाही.

पळीपंचपात्र:
तुम्हाला सगळीकडे फारसीच दिसते. पाक तरी संस्कृत पच् (शिजवणे) धातूचा ना, की तोही आयात?

जुनी बखर:
पच् चाच. पण ज्या लॅटिन क्रियापदावरून क्युझीन आलं ते आणि पच् मुळात एकाच धातूचे धरतात. तेव्हा क्युझीन आणि स्वयंपाक लांबचे भाऊबंद निघाले, आता करा भांडण.

साधा माणूस:
बघा, मी म्हटलंच होतं ठेवा म्हणून.

रिकामटेकडा:
मंडळी, मी लिहू काय? उद्या द्यायचंय.

कढीपत्ता:
पण स्वयंपाक मधे 'स्वयं' कशाला? आमच्याकडे जो करतो तो सगळ्यांसाठी करतो.

पळीपंचपात्र:
स्वतः शिजवून खायचं, दुसऱ्याच्या हातचं नाही, म्हणून स्वयंपाक. सोवळ्याशी संबंध आहे त्याचा.

तिरपागडा:
आता सोवळं काढलंत म्हणजे हा धागा शंभरी गाठणार.