मदत हवी आहे: पाळीव कुत्रा मोकाट सोडणाऱ्या मालकावर कारवाई नेमकी कोणी करायची?

भटक्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीज लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. अडतं ते पाळीव कुत्र्यांपाशी. पालिका पोलिसांकडे पाठवते, पोलीस पालिकेकडे. निष्काळजी मालकाला भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं (सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही). परवान्याची सक्ती मात्र पालिकेच्या अखत्यारीतली. दोन्ही मुद्दे एकाच अर्जात आले की टोलवाटोलवीला आयतं निमित्त मिळतं, म्हणून अर्ज वेगळे करायचे आहेत. पोलिसांच्या अर्जाला चाव्याचा वैद्यकीय दाखला जोडायचा आहे.

पाळीव कुत्र्यांच्या परवान्याबाबतच्या उपविधींची (पालिकेने केलेल्या स्थानिक नियमांची) प्रत माहिती अधिकारात आरोग्य विभागाकडे मागावी की पशुवैद्यकीय? उपविधीच नसतील तर दाद कुठे मागायची? चाललेल्या अर्जाचा मसुदा असल्यास कृपया द्या, लहान मुलांचा प्रश्न आहे.